चाळीस पेपरांतली म्हैस

मंगळवार पेठेतल्या एका शाळेत मी दहावीला मराठी शिकवते. निबंधाला आठ गुण असतात आणि ते मुलांच्या पदरात कसे पाडायचे हे मला तोंडपाठ आहे. सुरुवातीला दोन ओळी निसर्गाच्या, मध्ये डोळ्यांत पाणी आणणारा एखादा प्रसंग, शेवटी समाजाला कळकळीची विनंती. निसर्ग आणि विनंती कुठेही मिळते. मधल्या प्रसंगासाठी मात्र मी सतत कुणाचं तरी काही शोधत असते.

पुराच्या वर्षी वर्गात विषय दिला, 'पूरग्रस्ताचे मनोगत'. नदीकाठच्या गावातून एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं अर्धंच पान लिहिलं. निसर्ग नाही, विनंती नाही. बोटीत जनावरं घेत नव्हते म्हणून तिनं विळ्यानं म्हशीचं दावं कापलं. म्हैस तिच्याकडे बघत बोटीमागं पोहत आली. वडाच्या वळणावर दिसेनाशी झाली. एवढंच.

वाचून माझ्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी मला मधला प्रसंग सापडला. तिला आठपैकी तीन दिले. दुसऱ्या दिवशी तिची म्हैस साच्यात बसवून अख्ख्या वर्गाला निबंध उतरवून दिला. तिला विचारावं हे डोक्यातही आलं नाही. तीही मान खाली घालून, बाकीच्यांसारखीच, स्वतःची म्हैस वहीत उतरवून घेत होती.

पूर्वपरीक्षेला नेमका तोच विषय आला. पहिल्या पेपरात म्हैस पोहत आली तेव्हा पेन खाली ठेवून मी ते वाक्य दोनदा वाचलं. दहाव्या पेपरापर्यंत काही वाटेनासं झालं. पंचविसावा मी चहाचे घोट घेत तपासला. ज्यांच्या घरी दूध पिशवीतनं येतं त्यांच्याही म्हशी त्याच वळणावर दिसेनाशा होत होत्या. चाळीस पेपर, चाळीस म्हशी. सात, सात, सात.

तिचा पेपर तळाशी होता, एक्केचाळिसावा. निसर्ग व्यवस्थित, विनंती व्यवस्थित. मध्ये भांडीकुंडी वाहून गेली होती, तीसुद्धा गाइडातली. म्हैस नव्हती. मी पाच दिले.

पेपर वाटताना तिला विचारलं, "प्रसंग तुझा आणि तूच गाळलास? दोन मार्क गेले की."

"जाऊद्यात मॅडम," ती म्हणाली. "समद्यांनी लिवलीया न्हवं. आता डोळं मिटलं तरी आमची म्हस दिसत न्हाय मला. तुमच्या निबंधातलीच दिसतीय."

मला लाज वाटायला हवी होती. मी वाट पाहिली, पण काही झालं नाही.

"बोर्डाला मात्र घाल हं ती," मी म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला.