पाटी राहिली, गाडी मोडीत

आमच्या घरातली परभणी–जिंतूर बस मी स्वतःच्या हातानं डिलीट केली.

घरात बस कशी, असं विचारू नका. होती! त्याच रस्त्यावरच्या बोरी गावात, आमच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीनला खेटून जे कॉम्प्युटरचं टेबल आहे, तिथून ती रोज संध्याकाळी सुटायची. ड्रायव्हर माझे सासरे, अण्णा. त्यांनी उभा जन्म याच रस्त्यावर लाल बस चालवली. रिटायर झाले आणि मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात रुसून बसला आणि हाताच्या जोडीला अण्णाही. पारावर जाणं बंद. गप्पा बंद. जेवायला हाक मारली तर भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, "ठिवा तिथं." ज्या माणसाच्या हॉर्ननं रस्त्यातल्या म्हशी बाजूला व्हायच्या, त्यांचं हे असं बघवत नव्हतं.

मग नांदेडला इंजिनिअरिंग शिकणारी आमची सई सुट्टीला आली. तिनं टेबलाला खेळण्यातलं स्टेअरिंग बसवलं, खाली पायाला पेडल ठेवले आणि बस चालवायचा एक गेम लावून दिला. परदेशातली काचेची बस, परदेशातला गुळगुळीत रस्ता! अण्णांनी दोन मिनिटं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"एक खड्डा न्हाई ह्या रोडला. हितं ड्रायव्हरचं काय काम?"

पोरगी आजोबाच्याच वळणावर गेलेली. हट्टाला पेटली. तिनं सुट्टीभर बसून त्या गेममध्ये आमची लाल बस घातली, आमचे खड्डे घातले (ते घालायला सगळ्यात जास्त वेळ लागला म्हणे), परभणीहून येताना बोरीच्या आधी लागणारा झरीचा थांबा घातला, बोरीचा स्टँड घातला. आणि अण्णांबरोबर वर्षानुवर्षं ड्युटी केलेले कंडक्टर नबीभाई, जे आता लेकाकडं हैदराबादला राहतात, त्यांचा आवाज फोनवर मागवून तोही घातला. "चलो चलो, बोरीवाले उतरो!" आणि मग टण टण, डबल घंटी. त्या दिवशी अण्णांनी कपाटातून खाकी शर्ट काढला. आठवड्याभरात त्यांचा डावा हात स्टेअरिंग धरायला लागला. मी स्वयंपाकघरात पदरानं डोळे पुसले आणि कांदा चिरत नसतानाही कांद्याला दोष दिला.

असल्या घालायच्या वस्तूंना ही मुलं 'मॉड' म्हणतात. सईनं त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये ठेवून त्याला इंग्रजीत नाव दिलं, एम, ओ, डी. आता तुम्हीच सांगा, मराठी शाळेतली मास्तरीण ते काय वाचणार? मी वाचलं, मोड!

सई नांदेडला परत गेली आणि इकडं कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. सी ड्राइव्ह भरली, जागा करा. मला शाळेचं काम त्याच्यावरच करायचं होतं आणि आवराआवरीत माझा हात कुणी धरत नाही. (माझ्या घरात जिरं आणि ओवा एका फळीवर राहत नाहीत!) मी पदर खोचून बसले. बघते तर काय, सी मध्येही 'मोड' आणि डी मध्येही 'मोड'! उघडून बघितलं. आत तेच सामान, त्याच नावांचं, तितकंच.

आमच्या ह्यांचं खताचं दुकान आहे. ते बाहेर गाडी काढत होते.

"अहो, एकच फोल्डर दोन ठिकाणी हाय. काय करू?"

"एक ठिव, एक काढून टाक. मला काय विचारायलीस?"

"कायमचं कसं काढायचं?"

"शिफ्ट धर आन डिलीट दाब. कचऱ्यात बी पडत न्हाई."

आता कोणतं काढायचं? कॉम्प्युटर सांगत होता सी भरली, म्हणजे शहाण्या माणसानं सी मधलं काढलं असतं. पण मी म्हटलं, सी म्हणजे घरातली मुख्य खोली, तिथलं सामान महत्त्वाचं. डी म्हणजे माळा. माळ्यावरचं, त्यातून नाव 'मोड'! मोडीत काढायलाच ठेवलं असणार ना? मी शिफ्ट धरला आणि डिलीट दाबलं. मोठ्या समाधानानं चहा टाकला.

संध्याकाळी अण्णा खाकी शर्ट घालून बसले. थोड्या वेळानं हाक आली.

"सूनबाई, मोड कुठं गेले?"

"मटकीचे ना? फडक्यात बांधून ठेवलेत अण्णा. उद्या उसळ करते."

"मटकी घाल चुलीत! गाडीचे मोड कुठायत?"

मी धावत गेले. स्क्रीनवर ती काचेची बस उभी. रस्ता आरशासारखा. अण्णा डोळे बारीक करून बघत होते. "ह्यो कोणता फाटा हाय? देवगाव फाटा तर न्हाई वाटत."

मी सी मधलं 'मोड' उघडायला गेले तर ते उघडेना. जागा सापडत नाही म्हणे! अहो, मी एक ठेवून एक टाकलं होतं, दोन्ही कसे गेले? घाबरून सईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, तू डी मधलं काढलंस?" सईचा आवाज चिरकला. "अगं, सी भरली म्हणून मी सगळं डी मध्ये हलवलं होतं! सी मधलं फोल्डर खरं नव्हतंच. गेमला वाट दाखवायला नुसती खूण ठेवली होती. पाटी समज."

मला ओ की ठो कळलं नाही. अण्णांना मात्र लगेच कळलं.

"म्हंजी परभणी–जिंतूर पाटी ठिवली," ते हळू म्हणाले, "आन गाडी मोडीत काढली."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डावा हात स्टेअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला, उठले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. काही महिन्यांमागं गेलेलं ते दुखणं मी एका बटणात परत आणलं होतं!

"आई, रडू नकोस," फोनमधून सई म्हणाली. "काळ्या हार्डडिस्कमध्ये जुनी प्रत हाय. मी कपाटात ठेवली होती. कुठंय ती?"

आता ती हार्डडिस्क मीच आवरली होती. कुठं आवरली होती, हे सांगताना आजही मान खाली जाते. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवला की वाचतो, असं मी ऐकलेलं. मग पावसाळ्यात दमट हवा लागू नये म्हणून मी ती हार्डडिस्क पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात पुरली होती.

"काय करायलीस?" हे दुकानातून आले तेव्हा मी कोपरापर्यंत डब्यात होते.

"बस काढायले."

त्यांनी चप्पल काढली आणि डबा धरायला बसले. संसाराला इतकी वर्षं झाली की माणूस काही प्रश्न सोडून देतो. शेवटी डबा पालथा केला, घरभर तांदूळ झाला आणि हार्डडिस्क सापडली. सईनं फोनवरून एकेक पायरी सांगितली. इथून उचल, तिथं ठेव, आई शिफ्टला हात लावू नकोस! स्क्रीनवर लाल बस उभी राहिली. बोरीचा स्टँड आला. खड्डे आले. खड्डे बघून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"अण्णा, उठा! गाडी आली!"

अण्णा आले, बसले. पण गाडी हलेना. त्यांचा पाय तसाच.

"रेस द्या ना अण्णा."

"घंटी न्हाई झाली."

प्रत जुनी होती. नबीभाईंचा आवाज आणि घंटी सईनं नंतर घातलेली, ती गेली ती गेलीच. आता खेळच तो, कोण बघायला बसलंय? पण अण्णा ऐकेनात. "डबल घंटी झाल्याबिगर गाडी हालत नसती, सूनबाई. पॅसिंजर चढायलेत का उतरायलेत, मला फुडं बसून काय दिसणार?"

मी इकडंतिकडं बघितलं. मग देवघरात गेले, देवाची क्षमा मागितली आणि घंटी उचलून आणली. अण्णांच्या मागं उभी राहिले. घसा खाकरला आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, "चला चला, बोरीवाले उतरा!"

टण टण!

अण्णांनी डावा हात उचलला, स्टेअरिंगवर ठेवला आणि गाडी निघाली. आरशात बघतात तसं त्यांनी एकदा मागं माझ्याकडं बघितलं. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

तेव्हापासून ड्युटी माझी आहे. एकदा डाळ उतू चालली म्हणून पळता पळता माझ्या हातून एकच टोला पडला. एक घंटी म्हणजे थांबा! मी डाळ घोटून, फोडणी देऊन परत आले तर अण्णा गाडी थांबवून रस्त्यातच बसलेले. "कोण उतरायलंय? लय वेळ लावला."

सईनं नबीभाईंकडून नवा आवाज मागवून आणला. म्हणाली, आता आईची सुटका.

"नको," अण्णा म्हणाले. "नबीला फोनवर पॅसिंजर म्हणून बसव. मला कंडक्टर हाय."

लग्न होऊन या घरात आल्यापासून सासऱ्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. मी घंटी छातीशी धरली, तेवढ्यात अण्णांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले,

"गाडी तूच मोडली व्हतीस, हे तेवढं पॅसिंजरला सांगू नको. झरीलाच समदे उतरून जातील!"