मांडीखाली हात

माझ्या नणंदेवर अख्खी इमारत खूश आहे आणि मी तिच्यावर जळते, हे एकदाचं सांगून टाकते. नवऱ्याने विचारलं होतं, "बहिणीवर जळतेस काय माझ्या?" म्हटलं, "जळते. मग?" तो पेपर वाचायला लागला.

माझ्या नवऱ्याहून मोठी, म्हणून तोंडावर वन्सं म्हणायचं. लग्न केलं नाही. आमच्या मागच्या खोलीत दोन स्क्रीन मांडून बसते आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. त्याचा तिला पगार मिळतो. मी या घरात आल्यापासून लोकांच्या चुकाच काढते आहे, मला कुणी साधं शाब्बास म्हटलं नाही.

पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. फिटिंग, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. गिऱ्हाईक म्हणून येतात माझ्याकडे आणि जाता जाता मोबाईल घेऊन शिरतात तिच्याकडे. ती प्रत्येकाला एकच सांगते, "चूक तुमची नाही हो, बटणाची आहे. वापरणाऱ्याला स्वतःची लाज वाटली, तर ते सॉफ्टवेअर कसलं?" असं ऐकल्यावर माणसं पाघळणारच. पँट घट्ट झाली म्हणून आलेल्याला मी म्हणते का, की चूक पँटची आहे?

काम संपलं की गेम खेळते. या वयात! हरते आणि हसते. म्हणते, "अगं, इथे फुकट हरायला मिळतं. बाहेर कुठे मिळतं?"

आणि शिकवायची तिची तऱ्हा तर विचारूच नका. समोरच्याच्या हातातला माऊस कधी घ्यायचा नाही. तो मोह होऊ नये म्हणून स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. समोरचा घामाघूम होतो, ही ढिम्म. "शिकवून येत नाही गं, अडकून येतं."

माझी मुलगी त्यातच अडकली. शाळेतून आली की दप्तर माझ्याकडे, पोर तिकडे. मीही तिला मशीनवर बसवलं होतं. शिलाई वाकडी जायला लागली, मी म्हटलं, "दे इकडे." पुन्हा बसवलं, पुन्हा वाकडी, पुन्हा दे इकडे. मग ती बसेनाच. आता कॉम्प्युटरवर चुकलं तर पुसता येतं, गिऱ्हाइकाचं कापड कोण पुसून देणार? पण हे कुणी ऐकत नाही.

सुट्टीभर दोघी आत होत्या. पोर स्वतःचा गेम बनवत होती. आतून खिदळणं ऐकू आलं की मी मशीन जोरात चालवायची.

गेम झाला. पहिल्यांदा कोण खेळणार, हे मला ठाऊकच होतं. वन्संनी चष्मा पुसून खुर्चीसुद्धा ओढून घेतली होती. तेवढ्यात पोर माझ्याकडे आली. "आई, चल."

अर्धी बाही तशीच टाकून मी उठले. आत गेल्यावर ती म्हणाली, "आत्या, तू बाहेर बस. तुझ्या चेहऱ्यावरून हिला कळेल." वन्सं उठून बाहेर गेल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मीच का गं?" मी विचारलं, दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात.

"ज्याला काहीच येत नाही असं कुणीतरी हवं होतं."

चढलेलं मांस जागच्या जागी उतरलं.

गेममध्ये आमचंच घर होतं. एका छोट्या मुलीला मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत न्यायचं. मधलं दार बंद आणि पलीकडून माझ्या मशीनचा आवाज. खरा आवाज, कधी भरून घेतला होता कोण जाणे. मी सगळी बटणं दाबली. दार हलेना.

"सांग ना," म्हणत मी वळले. पोर दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती. अगदी तश्शीच.

"चूक तुझी नाही आई. दाराची आहे."

तळहाताला घाम आला म्हणून मी हात पदराला पुसला. दार किलकिलं झालं. पुन्हा बटण दाबलं, बंद. पुन्हा हात काढला, पुन्हा किलकिलं. कळलं मला. काही करायचं नव्हतं, नुसता हात काढून थांबायचं होतं. पोरीने श्वास रोखून धरला होता. तिचा खांदा माझ्या खांद्याला चिकटला होता. इतकी जवळ ती कितीतरी दिवसांत बसली नव्हती, आणि दार उघडलं की उठून पहिली आत्याकडे पळणार होती.

बाहेरून वन्संनी विचारलं, "झालं का गं?" आवाज नेहमीचा नव्हता. तो आवाज मी ओळखला, कारण एरवी तो माझा असतो.

"वेळ आहे अजून, वन्सं," मी म्हटलं, आणि हात परत बटणावर ठेवला.