काकाचं हर्ट होणं

हे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. आमच्या घरात मोठी माणसं तोंड उघडतात आणि ते आपोआप साठतात. कुणीतरी गप्प बसून ऐकायला लागतं, इंजिनिअरिंग सोडल्यापासून ते काम माझ्याकडे आहे.

काका पनवेलला जमिनीची दलाली करतो. आधी चिडला की शिव्या द्यायचा. मग कसल्याशा पर्सनॅलिटीच्या शिबिराला जाऊन आला. आल्या आल्या कालवण खारट लागलं, तर छातीवर हात ठेवून आईला म्हणाला, "वयनी, यू हर्ट मी." शिवीला आईने सव्याज उत्तर दिलं असतं. याला काय देणार? तिने निमूट दुसरं कालवण केलं. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

*

एकदा काकाने शेजाऱ्याच्या गेटसमोर गाडी लावली. शेजारी भांडायला आला. काकाने हात छातीवर नेला. दहा मिनिटांनी शेजारी सॉरी म्हणून निघून गेला. गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच!

*

बाबांनी हे शब्द लगेच उचलले. कॉलेज सोडून मी त्यांना हर्ट केलं म्हणे. मी विचारलं, "बाबा, माझी ब्रँच कुठली होती?" त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

*

गेल्या महिन्यात बाबा आणि काका दोघंही एकदम प्रेमळ झाले. चिरनेरहून आत्याला बोलावलं, पेढे आणले. मी ओळखलं, काहीतरी शिजतंय. कोनच्या वडिलोपार्जित जमिनीतला तिचा हिस्सा तिने हक्कसोड करून भावांना द्यायचा होता. आत्या म्हणाली, विचार करते. काकाचा हात लगेच छातीवर. "ताय, तू नाय बोललीस तर दादा किती हर्ट होईल, म्हायत हाय तुला?" आत्या रडली आणि हो म्हणाली.

*

रजिस्ट्रेशनला साक्षीदार म्हणून मला नेलं. घरात रिकामा मीच. आधार झालं, फोटो झाला. अंगठ्याआधी साहेबांनी आत्याला विचारलं, कुणाचा दबाव नाही ना?

"नाय साहेब, दबाव कसला," आत्या म्हणाली. "सही नाय केली तर हे दोघं हर्ट होतात, येवढंच."

साहेबांनी बाबांना आणि काकाला बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं. आत्या माझ्याकडे वळली.

"तू होशील काय रे हर्ट?"

"नाही."

"मग गाडी बघ. माला घरी जायचंय."