रोह्याची स्पेशल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या निवडणुकीसाठी मी घसा फोडून घेतला, तिच्यात मी स्वतः मतच दिलं नाही.

निवडणूक म्हणजे आमदारकी-खासदारकी नव्हे. पेण-वडखळ स्टँडवरच्या आम्हा मिनिडोरवाल्यांच्या, म्हणजे तीनचाकी वडापवाल्यांच्या, संघटनेचं अध्यक्षपद. पण आम्हाला तेच दिल्लीचं तख्त. मी हँडल धरलं तेव्हापासून अध्यक्ष एकच. दरवर्षी सभा व्हायची, कुणीतरी म्हणायचं, "हायती तेच राहू द्या," टाळ्या, वडापाव, संपली लोकशाही.

आमच्या धंद्यात नंबर म्हणजे धर्म. गाडी रांगेत लावायची, आपला नंबर आला की भरायची आणि निघायचं. सख्ख्या बापाची गाडी असली तरी मध्ये घुसायची नाही. फक्त अध्यक्षांच्या गाड्या रांगेत दिसायच्या नाहीत. त्या यायच्या, भरायच्या, जायच्या. आम्ही बघत तंबाखू मळायचो.

मग वहिनी उभ्या राहिल्या. नवरा गेल्यावर त्याची गाडी चालवणाऱ्या, सगळ्या स्टँडवर एकट्या बाई. त्यांचं वचन एका ओळीत मावणारं होतं: "अध्यक्षाची गाडी पन नंबरात लागंल. मी अध्यक्ष झाले तर माझी पन."

अध्यक्ष पोट हलवून हसले. "वहिनी, रिव्हर्स तरी येतो का नीट?"

"मला येतो. तुमाला कदी मागं जावं लागलं नाय, म्हून विचारताय."

स्टँड असा फुटला हसून की समोरच्या भजीवाल्याचा घाणा करपला. त्या क्षणी मला काय झालं कोण जाणे. घरात माझं बोलणं म्हणजे 'हं' आणि 'वाढ'. तो मी दुसऱ्या दिवसापासून भरल्या गाडीत प्रचार करायला लागलो. पेण सुटलं की सुरू, वडखळ आलं की नाइलाजाने बंद. एकदा मासळीची टोपली मांडीवर घेतलेल्या मावशीने विचारलं, "मला मत हाय का रं यात?"

"नाय, मावशी."

"मग गाडी हाक."

पण मला कोण थांबवणार? पन्नाशीला टेकलेला माणूस मी, गाडीतून उतरताना शिट्टी वाजवायला लागलो. आरशात बघून भाषणं केली. बायको म्हणाली, "तब्येत बरी हाय ना तुमची?"

आमच्या बाजूच्या प्रत्येकाने आपापल्या गाडीच्या हँडलवर हात ठेवून वहिनींना शब्द दिला. ड्रायव्हरला याहून मोठी शपथ नाही. सगळ्यात शेवटी तात्यांनी हात ठेवला. तात्या स्टँडवरचे सगळ्यात म्हातारे. बायकोच्या आजारपणात अध्यक्षांनी त्यांच्यासाठी धावपळ केली होती, त्यामुळे त्यांना जड गेलं. हात थरथरला, पण ठेवला. "उभी रव गो," म्हणाले. "मी हाय." मोजदाद केली तर वहिनी एका मताने पुढे. फक्त एका. मी त्या दिवशी चहा उभ्यानेच प्यालो, बसवेना.

अध्यक्षांनी मतदान मुद्दाम गणपतीच्या तोंडावर ठेवलं. पेणच्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडत होत्या, स्टँडवर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मतदान संध्याकाळपर्यंत, देवळामागच्या खोलीत. चिठ्ठीवर नाव लिहून डब्यात टाकायचं. आलं कोण, गेलं कोण, याची नोंद नाही. सगळी ओळखीचीच माणसं.

मी सकाळी निघालो तो मत द्यायलाच. पण माझा नंबर आला होता, आणि गाडीपुढे रोह्याचं एक कुटुंब उभं होतं, रुमालाने तोंड झाकलेला गणपती घेऊन. "स्पेशल येता का? अख्खी गाडी आमचीच."

पेणचा ड्रायव्हर गणपतीला नाही म्हणत नाही. म्हटलं, सोडतो आणि उडत परत येतो. पण मूर्ती घेऊन त्या हायवेवर कुणी उडत नाही. प्रत्येक खड्ड्याला मी बाप्पाची माफी मागत होतो आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये प्रचार करत होतो. नागोठण्यापर्यंत सगळं कुटुंब वहिनींच्या बाजूचं झालं. भिसे खिंडीत त्यांची सून म्हणाली, "अय्या, जिंकायलाच हव्यात!"

रोह्याला त्यांनी ओटीवर बसवलं, चहा दिला, शेजारी जमले. माझ्या जन्मात मला असे श्रोते मिळाले नव्हते. अध्यक्षांची नक्कल केली, रिव्हर्सचा किस्सा दोनदा सांगितला, लोक मांड्या थोपटून हसले. तेव्हाही उठलो असतो तर पोचलो असतो. हे मात्र खरं सांगतो: मला उठायचंच नव्हतं.

शेवटी त्यांच्या आजोबांनी विचारलं, "मतदान कधी आहे मग?"

"आजच!"

"आणि तुम्ही इथं?"

परतीला नागोठण्याच्या पुढे ट्रक आडवा झालेला. मी पेणला पोचलो तेव्हा डबा उघडला होता. मतं समसमान. समसमान झाली तर जुनाच अध्यक्ष, असा नियम. तो कुणी केला ते विचारू नका.

आमच्यातल्या कुणीतरी मत टाकलंच नाही, एवढंच सगळ्यांना कळलं. मी सकाळीच टाकून गेलो असणार, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. कोण, हे ठरवायला भजीची एक प्लेटही संपावी लागली नाही. "तात्या. हात बघितलास ना कसा थरथरत होता?" वहिनी एकट्याच म्हणाल्या, "म्हातारा माणूस, हात थरथरनारच." तात्यांनी माझ्याकडे बघितलं. तूच सांग यांना, अशा नजरेने. त्यांना वाटलं, एवढा बोलका झालेला मी त्यांची बाजू घेईन. मी म्हणालो, "हं."

तात्यांबरोबर कुणी चहा पीत नाहीसं झालं. नंतर ते स्टँडवर यायचेच बंद झाले. आता डोलवीला कंपनीच्या शिफ्टची माणसं नेतात-आणतात.

वहिनी यंदा परत उभ्या आहेत. परवा त्यांनी अध्यक्षांना तोंडावर विचारलं, "सराव सुरू केला का रिव्हर्सचा?" आणि मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्यासाठी पुन्हा घसा फोडायला मी तयार आहे, आणि या वेळी मत सकाळीच टाकणार आहे. पण त्याने तात्यांचं काही फिटत नाही. कमी पडलेलं मत माझं होतं, हे मी स्टँडवर सगळ्यांसमोर, तात्यांना शेजारी उभं करून सांगायचं देणं लागतो.