पसंतीची पाकिटं

मूर्खपणा सगळेच करतात हो, पण घरच्या घरी उरकतात. माझा मूर्खपणा बघायला उरणहून माणसं आली होती. एसटीने, नारळ घेऊन. ऐका, आणि मध्ये हसू नका. शेवटी एकदम हसा, मला आता सवय झालीय.

मी तेव्हा ग्रंथालयशास्त्र शिकत होते. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने एखादा संग्रह लावायचा, त्याची सूची करायची आणि ती प्रकल्प म्हणून बांधून द्यायची. माझ्या वाट्याला पनवेलचं एक जुनं वाचनालय आलं, आणि वाचनालयाच्या वाट्याला त्याच महिन्यात सात गोणी कागद आले.

कागद कसले? गावातले एक काका-काकू वर्षानुवर्षं राहत्या घरातून वधूवर सूचक केंद्र चालवायचे. काका गेले, काकू थकल्या. मुलं म्हणाली रद्दीत घाला. काकू म्हणाल्या, "अर्ध्या तालुक्याचे संसार आहेत त्यात," आणि सगळं वाचनालयाला देऊन टाकलं. गोण्यांमध्ये नुसते बायोडेटा. उंची, रंग, गोत्र, पगार, कोपऱ्यात टाचलेला फोटो. 'अपेक्षा' या रकान्यात मुलगे दोन ओळी लिहायचे आणि त्यांच्या आया पुरवणी जोडायच्या.

मी कामाला भिडले. आता माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मला नियमाचं वेड आहे. पुस्तकात लिहिलंय ना, प्रत्येक वस्तूची अवस्था नोंदवा? मी टाचणीचा गंजसुद्धा नोंदवला. एका गोणीत कोऱ्या पाकिटांचे दोन गठ्ठे निघाले. एक गठ्ठा स्वच्छ पांढरा. दुसऱ्यातल्या प्रत्येक पाकिटाच्या चारही कोपऱ्यांवर डाग. मी भिंग लावून पाहिलं आणि 'अवस्था' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पिवळे व तांबूस डाग. कारण, दमट हवा.'

तुम्ही ओळखलंत ना कशाचे डाग ते? बरोबर. तुम्ही ग्रंथालयशास्त्र शिकला नाहीत, म्हणून ओळखलंत.

सूची झाली. छोटंसं प्रदर्शन मांडायचं ठरलं. तेव्हा ग्रंथपाल सर म्हणाले, "अगं ऋतुजा, ही जिवंत माणसं आहेत. त्यांचे फोटो भिंतीवर लावायचे तर लेखी संमती हवी. निदान पाच जणांची आण. त्याशिवाय मी तुझ्या प्रकल्पावर सही करणार नाही."

सही नाही तर प्रकल्प नाही, प्रकल्प नाही तर वर्ष गेलं. हातात तीन आठवडे होते. फोन करावा, तर बायोडेटावरचे नंबर शेजाऱ्यांचे आणि तेही कधीच बंद पडलेले. मग मी पनवेल, उरण, कोन अशा जवळच्या गावांतले दहा पत्ते काढले आणि पत्रं लिहिली. पत्र बघा कसं होतं. पाठ आहे मला.

'महोदय, आपली माहिती व छायाचित्र आमच्या पाहण्यात आले. आम्हाला ते फार मोलाचे वाटले. पुढील कार्यवाहीसाठी येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता वाचनालयात समक्ष यावे. शक्य असल्यास घरातील वडीलधाऱ्यांना सोबत आणावे.'

वडीलधारे कशाला? तर जुन्या माहितीची खात्री करता येईल म्हणून. प्रदर्शनाचं लिहिलं नव्हतं का? लिहिलं होतं की, शेवटच्या परिच्छेदात. खाली सही, ऋतुजा. आता पाकिटं कुठली घ्यायची? चांगली पाकिटं कशाला खर्चायची, डागाळलेली संपवून टाकू. आईचे संस्कार हो, काटकसरीचे.

शनिवारी आई म्हणाली, "बाहेरचे लोक येणार, जरा साडी नेस." नेसले. सर म्हणाले होते, लांबून येतील, काहीतरी खायला ठेव. नाक्यावरून पोहे आणले. कांदेपोहे. अकराच्या ठोक्याला मी साडी नेसून, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन वाचनालयाच्या दारात उभी. आता मला सांगा, यात बघणाऱ्याची काय चूक?

पहिल्या आल्या उरणच्या एक आजी. ऐंशीच्या पुढच्या, नाकात नथ, कडक इस्त्रीचं लुगडं. मागे त्यांचा मुलगा जनार्दन. बायोडेटात वय एकोणतीस होतं, आता पन्नाशी उलटलेली. बंदरात नोकरी. केसांना ताजा कलप, त्यातला थोडा कानाच्या पाळीवर.

"हीच का रं ती?" आजींनी विचारलं.

जनार्दनरावांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. मी दोघांना वाचन कक्षातल्या टेबलाशी बसवलं, पोहे दिले.

"बस बाय, तू पन बस. शिकलीस कवरा?"

"एम.ए. झालंय. आता ग्रंथालयशास्त्र करतेय."

"मंजे काय करतंस?"

"आलेली वस्तू जागच्या जागी लावायची, कुठे काय आहे ते लिहून ठेवायचं आणि कुणी मागितली की लगेच काढून द्यायची."

आजी मुलाकडे वळल्या. "बग. घर नीट ठेवंल."

मला वाटलं, आपल्या कागदांच्या काळजीने म्हणतायत. किती जागरूक नागरिक! मी भारावून गेले.

"मावरा साफ कराला येतो का?"

मासे? मला वाटलं, आजी थट्टा करतायत. मीही हसत म्हटलं, "मासे नाही हो आजी, पण झुरळं आणि वाळवी साफ करते. रोजच करावं लागतं."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शिकंल. थोरी लहान हाय, पन चालंल." आणि उठून पिशवीतून कुंकवाची डबी काढली, मला कुंकू लावलं, हातात खण आणि नारळ ठेवला. मी वाकून नमस्कार केला. मग वाचनालयाच्या वतीने भेटवस्तूंच्या नोंदवहीत लिहिलं, 'नारळ एक, खण एक.' रीतसर पोचपावतीही दिली. आजींनी ती कपाळाला लावून कनवटीला खोचली.

मग मी जनार्दनरावांपुढे संमतिपत्र सरकवलं. "इथे सही केलीत की आपलं नक्की झालं."

त्यांना घाम फुटला. "लगेच?"

"सोमवारपर्यंत मला सगळं उरकायचंय."

तेवढ्यात दारातून एक बाई आत आल्या. कोनच्या. एका हातात माझं पाकीट, दुसऱ्या हातात स्वतःच्या नवऱ्याचं मनगट.

"या पाकिटातली ऋतुजा कोन हाय?"

"मीच."

"तुला लाज नाय वाटत? माजी पोरगी बारावीला हाय!"

"असू दे की. आमची काही हरकत नाही."

बाईंचा आ वासला. मी आपली समजूत काढायला गेले. "ताई, आम्हाला जुनेच हवे असतात. जितकं जुनं, तितकं आमच्या दृष्टीने मोलाचं. आणि मी यांना एकट्यांना थोडंच बोलावलंय? दहा जणांना बोलावलंय."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतका वेळ भीती आणि थोडीशी ऐट होती. 'दहा' ऐकून ऐट गेली, भीती राहिली.

इकडे उरणच्या आजी उभ्या राहिल्या. "ओ बाय, ही माज्या जनार्दनाची हाय. आमी नारल दिलाय. पावती हाय आमच्याकरं."

आवाज ऐकून सर त्यांच्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी माझी साडी पाहिली, कपाळावरचं कुंकू पाहिलं, पोहे पाहिले, नारळ पाहिला. मग कोनच्या बाईंच्या हातातलं पाकीट घेतलं आणि त्याचा कोपरा नाकाशी नेला.

"ऋतुजा, ही हळद आहे."

"नाही सर, दमट हवा."

सरांनी काकूंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. काकू म्हणाल्या, "साधं पाकीट म्हणजे नुसती चौकशी. हळदकुंकवाचं पाकीट कधी? मुलीकडून पसंती आली की. तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. का बरं, कुणी पाठवलं की काय?"

"दहा पाठवली," मी म्हटलं.

काकू म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे वर्षभरात दहा पसंत्या यायच्या नाहीत, आणि तू एकटीने एका दिवसात दिल्यास?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळं खरं खरं सांगितलं. प्रदर्शन, संमती, सही. कोनच्या बाईंना नवऱ्याचा जुना फोटो दाखवला. त्या बघतच राहिल्या. "यांना येवरे केस होते? लावा, लावा भिंतीवर." नवऱ्याने निमूट सही केली. दुपारपर्यंत आणखी तिघे येऊन गेले, सरांनी त्यांची समजूत काढली, त्यांच्याही सह्या झाल्या. चार झाल्या. बाकीची पत्रं आधीच 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आली होती. म्हणजे पाचवी सही जनार्दनरावांचीच. आणि आजी उठायला तयार नव्हत्या.

त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पंचवीस वर्षं वाट पाहिलेलं पाकीट हो ते. मला फार वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. मी नारळ आणि खण परत केला, पाया धरून माफी मागितली आणि सहीचं विचारलं.

आजी म्हणाल्या, "आमी येवऱ्या लांबशी आलो. पोरगी बगली, पोहे खाल्ले. आता कलवल्याबिगर जायाचा नाय. तशी रीत नाय."

"काय कळवायचं, आजी?"

"पसंत का नापसंत ता." त्यांनी बोट संमतिपत्रावर टेकवलं. खाली 'शेरा' म्हणून एक रकाना होता, मीच छापून घेतलेला. "लिव रं जनार्दना. पोरगी नापसंत."

जनार्दनरावांनी लिहिलं. अक्षर सुरेख होतं.

"कारन बी लिव. पोरीला हलदकुकू वलखाला येत नाय."

तेही लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. आजी एकदम हलक्या झाल्या आणि आणखी अर्धी बशी पोहे खाऊन उठल्या. दारात जनार्दनराव मागे रेंगाळून मला हळूच म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. मला लग्न करायचाच नवता. आई ऐकत नवती. आज तिनं सोताच नकार दिला, आता सुटलो."

ते सुटले. मी अडकले. कारण पाच संमतिपत्रं प्रकल्पाला परिशिष्ट म्हणून जोडायची होती. मी सरांना म्हटलं, हे एक नव्याने लिहून घेऊ का? तर सर म्हणाले, "मूळ प्रतच लावायची. नियम आहे. तूच मला पुस्तकात दाखवला होतास."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी माझी दोनशे पानांची सूची एका चिमटीत उलटली आणि परिशिष्ट वाचायला घेतलं. दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग एकच प्रश्न विचारला, "डाग कशाचे?"

"हळदकुंकवाचे, सर."

"छान. या तुम्ही."

पास झाले मी, चांगल्या गुणांनी. आता आई माझ्यासाठी स्थळं बघतेय. इतर मुलींना आलेले नकार चार भिंतींत जिरून जातात. माझा नकार कारणासहित, काळ्या कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरात माझं नाव घालून वाचनालयाच्या संदर्भ विभागात उभा आहे. तो घरी नेता येत नाही, पण तिथे बसून कुणालाही वाचता येतो. मागच्या आठवड्यात एका मुलाची आई तासभर बसून वाचून गेली. सर सांगत होते, टिपणंही काढली म्हणे.