स्लीपरचा तुकडा
रुळांजवळ तापलेल्या डांबराचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि सेक्टर दोनच्या क्वार्टरमागे, सिमेंटच्या टाक्यात मी मासोळ्या पाळल्या होत्या. त्यांच्या आडोशासाठी जांभळाचं मूळ भिजत घालून रोज त्याचं तांबूस पाणी बदलत होते. रेल्वेलाइन टाकायच्या कामावर असलेल्या माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, ते मूळ फेकून दिलं आणि रुळांखाली घालतात त्या काळ्या लाकडी स्लीपरचा तुकडा टाक्यात सोडला. भासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नसे, म्हणून मी सासूला म्हटलं, “आई, त्यायले सांगा, त्या लाकडाले डांबराचं तेल पाजलं आहे.” ते समोरच उभे होते. “मले लाकूड शिकवून राहिली का? याले वाळवीसुद्धा तोंड लावत नाही!” सकाळी पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि सगळ्या मासोळ्या उताण्या पडल्या होत्या. “नळाचं पाणीच खराब असन,” असं म्हणून ते ड्युटीवर गेले. त्यांच्यावर राग आहेच. पण पदर सावरत टाक्याशी गप्प उभ्या राहिलेल्या माझ्यावर तो जास्त आहे. तो तुकडा बाहेर काढायला तोंड कुठं लागत होतं, हात पुरे होते.