बाबांच्या अँबेसिडरचा धक्का

मंडळी, आज सकाळी आमच्या परभणीच्या गल्लीत लय मजा झाली.

बाबांची जुनी अँबेसिडर रोज धक्का मागायची. शेजारचे सलीमचाचा आणि जाधवकाका ढकलायचे अन् त्याच गाडीत बसून बाजारात जायचे. काल मी तिला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून आणलं.

आज दोघं सवयीनं डिक्कीला हात लावून उभे. बाबांनी चावी फिरवली अन् गाडी एका झटक्यात सुरू!

"आता आमचं काय काम?" म्हणत चाचा काकांना घेऊन पायीच निघाले.

बाबांनी गुपचूप गाडी बंद केली. "सलीमभाई, बंद पडली की हो! या लवकर!"

चाचांनी हसत डिक्कीला एक बोट लावलं. "दिला धक्का. आता दार उघडा."

तुमच्याकडं अशी बंद पडणारी गाडी हाय का?